आपल्या भागातली परागकणांची पातळी: अंदाज 'कमी' म्हणतो त्याच दिवशी शिंका का?

पहाटफेरी | सोमवार, सकाळी ७:२०

गेले अकरा दिवस मी उठल्याबरोबर दोन गोष्टी करते. आधी फोनवर परागकणांचा अंदाज बघते, मग मुलाकडे बघते. दोन्हींचा मेळच बसत नाही. परवा अंदाज होता 'कमी', आणि हा सकाळी सहापासून लागोपाठ शिंका देत होता. डोळे इतके चोळले की पापण्या सुजल्या. त्याआधी गुरुवारी 'जास्त' दाखवत होते आणि स्वारी दिवसभर खेळली.

तो नऊ वर्षांचा आहे. दोन वर्षांपासून ठरावीक दिवसांत नाक, डोळे आणि कधीकधी छातीत घरघर. डॉक्टरांचं औषध चालू आहे, इनहेलर घरात असतो. प्रश्न औषधाचा नाही. शाळेत कधी पाठवायचं, खिडकी कधी उघडायची, मैदानावर कधी जाऊ द्यायचं हे मी ज्या आकड्यावर ठरवते, तो आकडा नेमका कुठला असतो?

घाई अशासाठी की आमच्या इमारतीच्या आवारात पिवळ्या फुलांची सहा झाडं आहेत, आणि सगळ्यांनी मिळून त्यांच्यावर बोट ठेवलंय. शनिवारी बैठक आहे. झाडं तोडायला हो म्हणा, असा मला आग्रह होतोय, कारण आजारी मूल माझं. मला कळल्याशिवाय हो म्हणायचं नाही.

---

काचपट्टी | सोमवार, सकाळी ९:०५

ताई, मी काही वर्षं परागकण मोजायचं काम केलंय, तेव्हा आकड्याचं सांगतो.

जगभर मोजणीसाठी जो सापळा वापरतात त्याची रचना हर्स्ट या ब्रिटिश संशोधकांनी १९५२ साली केली. एक बारीक फट, आत हवा ओढणारा पंप, आणि फटीमागे फिरणारा ढोल. ढोलावर चिकट पट्टी. पंप मिनिटाला १० लिटर हवा ओढतो, म्हणजे जवळपास माणसाच्या श्वासाइतकी. पट्टी तासाला २ मिलिमीटर सरकते, म्हणून एका दिवसाची पट्टी ४८ मिलिमीटर. ती कापून काचेवर ठेवायची, गुलाबी रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण ओळखून मोजायचा. उत्तर येतं ते 'एक घनमीटर हवेत इतके कण' असं.

इथेच दोन गोष्टी लक्षात घ्या. माणसाने मोजलेला आकडा तुमच्यापर्यंत येतो तेव्हा तो कालचा किंवा परवाचा असतो. आणि सापळा मुद्दाम उंच इमारतीच्या गच्चीवर ठेवतात, साधारण १० ते २० मीटरवर. खाली ठेवला तर शेजारच्या एका झाडाचाच पराग पट्टीवर भरेल आणि शहराचं चित्र बिघडेल. म्हणजे तुमच्या गल्लीत काय चाललंय ते त्या आकड्यात येऊ नये, अशीच ती मांडणी आहे. हा मोजणीचा दोष नाही. तिचा हेतूच तो आहे. पण नऊ वर्षांच्या मुलाचं नाक गच्चीवर नसतं, जमिनीपासून चार फुटांवर असतं.

---

ढगवाचक | सोमवार, सकाळी ११:४०

वर मोजणीचं आलं, मी अंदाजाचं लिहितो. बऱ्याच अ‍ॅपमागे जवळपास एकही सापळा नसतो, सगळं गणित असतं. कुठे कोणत्या वनस्पती आहेत त्याचा नकाशा, फुलोऱ्यासाठी किती ऊब साठायला लागते त्याचा हिशोब, त्यावर पाऊस, आर्द्रता, वाऱ्याची दिशा. युरोपात कोपर्निकसचे (युरोपीय संघाच्या हवा-पर्यावरण निरीक्षण कार्यक्रमाचे) अंदाज असतात ते भुर्ज, अल्डर, ऑलिव्ह ही झाडं, गवत, आणि मगवर्ट व रॅगवीड ही तणं एवढ्या सहांचेच, आणि नकाशाचा एक चौकोन साधारण १० किलोमीटरचा. १० किलोमीटरच्या चौकोनात पूर्ण शहर मावेल! तुमचा मोहल्ला त्यात ठिपकासुद्धा नाही.

मग अंदाज फुकट का? नाही. उद्या कोरडा वारा सुटणार, की रात्रभर भिजपाऊस होणार, हे तो चांगलं सांगतो. त्याच्याकडून चढउतार घ्यावा. रंगाच्या पट्टीवर मुलाचा दिवस ठरवू नये.

---

श्वास | सोमवार, दुपारी १:१५

रंगावर भरवसा नको याचं माझ्याकडे एक चांगलं उदाहरण आहे. एका घनमीटरमध्ये गवताचे ३० कण. ब्रिटनच्या पद्धतीत ३० ते ४९ म्हणजे 'मध्यम', ५० पासून 'जास्त'. अमेरिकेत वापरतात त्या मापात गवताचे २० ते १९९ म्हणजे 'जास्त'. तेच ३० कण, हवा तीच, नाव वेगळं. दोन अ‍ॅप ठेवून दोघांची तुलना करत मी एक अख्खा हंगाम घालवला, मग हे कळलं.

शिवाय 'एकूण पराग' असा एकच आकडा देणारं अ‍ॅप असेल तर ते आपल्यासारख्यांच्या फारसं उपयोगाचं नाही. झाडांचा पराग भरपूर आणि गवताचा शून्य, तरी 'जास्त'. ज्याला गवताचा त्रास त्याला त्या दिवशी काही होणार नाही. ताई, तुमचा गुरुवार कदाचित असाच असेल.

---

कोपऱ्यातलं घर | सोमवार, दुपारी ३:५०

पण हे परागकणच आहेत कशावरून? घरातली धूळ, गादीतले सूक्ष्म किडे, भिंतीची बुरशी, यांनीही सकाळी उठल्या उठल्या शिंका येतात. आमच्या घरी सहा वर्षं बाहेरच्या झाडांना दोष दिला आणि शेवटी कारण निघालं उशी.

---

श्वास | सोमवार, दुपारी ४:३०

रास्त शंका आहे. त्वचेवर थेंब टाकून टोचतात ती चाचणी झाली आहे का ताई? झाली नसेल तर डॉक्टरांशी बोला. त्याआधी काही दिवस अ‍ॅलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर खरी अ‍ॅलर्जी असूनही त्वचेवर गांध उठत नाही. किती दिवस, आणि बंद करायच्या का, हे डॉक्टरच सांगतील. मनाने थांबवू नका, विशेषतः घरघर होत असेल तर.

---

पहाटफेरी | सोमवार, रात्री ९:१०

चाचणी मागच्या वर्षी झाली. गवत ठळक, धुळीतले किडे थोडेसे, झाडांपैकी ज्यांची तपासली त्यात काही नाही. पण आवारातली पिवळी झाडं त्या यादीत नव्हती, म्हणून शंका राहिली. आणि गवत म्हटलं तर आमच्या आवारात फरशी आहे, गवत नाहीच.

---

पानफूल | मंगळवार, सकाळी ६:४५

मी वनस्पतिशास्त्र शिकवते. त्या पिवळ्या झाडांची बाजू मांडल्याशिवाय राहवत नाही.

झाड फूल रंगीत करतं, त्यात मध ठेवतं, वास सोडतं, तेव्हा तो सगळा खर्च कीटकांना बोलावण्यासाठी असतो. अशा फुलांचा पराग जड आणि चिकट असतो. तो मधमाशीच्या पायाला लागतो, नाहीतर झाडाखालीच पडतो. हवेत दूरवर तो फारसा जात नाही. उलट जी वनस्पती वाऱ्यावर अवलंबून असते तिला दिसण्याची गरजच नसते. तिची फुलं हिरवट, बारीक, लक्षातही न येणारी, पण पराग मोजता येणार नाही इतका, हलका आणि कोरडा. गवत, सुरू, तुती, एरंड, राजगिऱ्याच्या जातीची तणं ही या दुसऱ्या पंगतीतली. थोड्या वनस्पती दोन्हीकडे असतात, म्हणजे कीटकही येतात आणि वाराही नेतो, त्यामुळे अगदी पक्की रेघ नाही. पण ज्याच्यावर दिवसभर मधमाश्या घोंघावतात आणि जे डोळ्यांत भरतं, त्यालाच माणसं दोषी धरतात, कारण शिंका येतात त्याच दिवसांत ते फुललेलं दिसतं. गवताचा तुरा कोणी बघतच नाही.

तुमच्या झाडांवर मधमाश्या येतात का, एवढं आज बघा. आणि आवाराबाहेर शंभर-दोनशे पावलं चारी दिशांना फिरून या. पडीक जागा, नाल्याचा काठ, रस्त्याच्या दुभाजकाची माती, कुंपणाच्या पलीकडचं. गवताला तुरे दिसले तर एक काडी हलकेच टिचकीने हलवा, नाकापासून लांब धरून.

---

सावली | मंगळवार, सकाळी १०:२०

झाडं तोडण्याआधी आमची गोष्ट ऐका. आमच्या इथे चार वर्षांपूर्वी हाच वाद झाला आणि मीही तोडायच्या बाजूने हात वर केला होता. झाडं गेली, सावली गेली, जमिनीवर ऊन पडायला लागलं, आणि एका हंगामात त्या पट्ट्यात कमरेएवढं गवत माजलं. सगळ्यांचा त्रास वाढला. मला आजही त्या बाजूच्या खिडकीतून बघवत नाही. झाड परत यायला किती वर्षं लागतात ते मी मोजतेय.

---

पहाटफेरी | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

फिरून आले.

पिवळ्या झाडांवर मधमाश्या आहेत, भरपूर. आणि इमारतीच्या मागे, भिंतीपलीकडे, रिकामा भूखंड आहे. आम्ही तिथे कधी जात नाही, भिंतच एवढी उंच. गच्चीवरून वाकून बघितलं तर अख्खा भूखंड तुऱ्यांनी भरलाय. मागच्या बाजूने वळसा घालून गेले, एक काडी टिचकीने हलवली आणि खरंच पिवळसर धूर उडाला. एका काडीतून! मुलाच्या खोलीची खिडकी तिसऱ्या मजल्यावर, बरोबर त्या भूखंडावर उघडते. हवा मोकळी राहावी म्हणून रात्रभर ती मीच उघडी ठेवत होते.

---

काचपट्टी | मंगळवार, रात्री ८:००

स्वतःला बोल लावू नका. पण आता अंदाजाने बोलू नका, बघा.

काचेच्या दोन पट्ट्या घ्या, त्यांवर व्हॅसलीनचा अगदी पातळ हात फिरवा. एक पिवळ्या झाडांखाली, एक मुलाच्या खिडकीबाहेर. आडव्या ठेवायच्या, वरून पावसाचं पाणी पडणार नाही असं काहीतरी छप्पर, बाजू उघड्या. बरोबर २४ तास. मग शाळा-महाविद्यालयातला सूक्ष्मदर्शक मिळाला तर ४०० पट मोठं करून बघा. गवताचा कण गोल, गुळगुळीत, आणि त्याला कड असलेलं एकच भोक. एकदा ओळख पटली की चुकत नाही. काटेरी गोळा दिसला तर तो बहुधा सूर्यफुलाच्या कुळातला, गाजरगवतही त्यातच. दोन फुगे लावल्यासारखा दिसला तर पाइन. गवताच्या जाती मात्र त्यावरून वेगळ्या सांगता येत नाहीत, सगळ्यांचा कण सारखाच.

एक जपा. नुसत्या काचेवर जड कण जास्त पडतात, हलके वाऱ्याबरोबर निघून जातात. त्यामुळे इथला आकडा अ‍ॅपच्या घनमीटरवाल्या आकड्याशी ताडायचा नाही. दोन काचा एकमेकींशी ताडायच्या, बस.

---

पानफूल | मंगळवार, रात्री ८:२५

सूक्ष्मदर्शकाखाली मी बघून देईन. दोन्ही पट्ट्यांचे सूक्ष्मदर्शकातून काढलेले फोटो पाठवलेत तरी चालेल, पण काच मिळाली तर बरं.

---

ढगवाचक | बुधवार, सकाळी ७:५५

पट्ट्या ठेवल्याच आहेत तर सोबत वेळ आणि वारा लिहा. बहुतेक गवतं सकाळी, दव वाळून हवा कोरडी व्हायला लागली की पराग सोडतात. ऊन चढतं तसा तो वर जातो. संध्याकाळी हवा थंड झाली की वर गेलेला खाली बसतो. म्हणून गवताशेजारच्या घरात सकाळ वाईट, आणि गवतापासून लांब, शहराच्या मध्यात, संध्याकाळ वाईट. अ‍ॅप दिवसाचा एकच आकडा देतं तेव्हा हे दोन्ही त्यात मिसळून जातं.

पावसाबद्दलही एक गैरसमज आहे. संथ, लांबलेला पाऊस हवा धुतो हे खरं. पण वादळी पाऊस सुरू होतानाची वेळ उलटी असते. मेलबर्नमध्ये २१ नोव्हेंबर २०१६ च्या संध्याकाळी वादळ आलं आणि हजारो माणसं श्वास लागून दवाखान्यांत धावली, दहाजण दगावले. गवताचा अख्खा कण मोठा, नाकात अडकतो. दमट हवेत तो फुटला की आतले स्टार्चचे अतिबारीक कण सुटतात, ते थेट छातीपर्यंत जातात. वादळापुढची वाऱ्याची झोत त्यांना जमिनीलगत पसरवते. त्यातल्या अनेकांना आधी दमा नव्हता, नुसतं नाक वाहायचं. तुमच्या मुलाला घरघर होते म्हणून मुद्दाम लिहितोय: तुरे भरात असताना ढग गडगडायला लागले तर पाऊस पडायची वाट न बघता घरात या आणि खिडक्या लावा. इनहेलर हाताशी.

---

कोपऱ्यातलं घर | बुधवार, सकाळी ९:३०

हे मला माहीतच नव्हतं. आम्ही तर पहिल्या वाऱ्याला मुलांना घेऊन गच्चीवर जातो. धन्यवाद.

एक प्रश्न. अंदाज 'जास्त' असेल त्या दिवशीच नाकाचा फवारा मारला तर चालतो का? रोज औषध नको वाटतं.

---

श्वास | बुधवार, सकाळी १०:१०

स्टेरॉइडचा नाकाचा फवारा असेल तर तो असा काम करत नाही. त्याचा पूर्ण गुण यायला काही दिवस ते दोन आठवडे लागतात. म्हणून हंगामाच्या आधी सुरू करून रोज घ्यायला सांगतात. मला डॉक्टरांनी पद्धतही शिकवली, ती आधी दहा वर्षं कुणी सांगितली नव्हती: उजव्या नाकपुडीला डावा हात, डाव्या नाकपुडीला उजवा, आणि तोंड बाहेरच्या बाजूला, मधल्या पडद्यावर नाही. नाक मोकळं करणारे झटपट फवारे वेगळे, ते तीन-चार दिवसांवर वापरले तर नाक आणखी चोंदतं.

आणि ताईंच्या 'कमी' दिवसाचं आणखी एक कारण असू शकतं. आठ-दहा दिवस सतत पराग गेला की नाकाचं अस्तर इतकं चिडतं की मग पहिल्या दिवशी ज्याने काही झालं नसतं तेवढ्याशा कणांनीही शिंका सुरू होतात. हंगामाच्या सुरुवातीचे ३० आणि शेवटचे ३० सारखे नाहीत. म्हणून आकडा उतरला तरी आराम लगेच पडत नाही.

---

सावली | बुधवार, दुपारी २:००

आमचं ठरलेलं: बाहेरून आलं की कपडे बदलायचे, झोपण्याआधी केस धुवायचे (उशी वाचते), हंगामात कपडे आतच वाळत घालायचे, गाडीत काचा बंद. पराग मोठा कण आहे, साधा मास्कसुद्धा बऱ्यापैकी अडवतो.

---

पहाटफेरी | शुक्रवार, रात्री १०:४०

पट्ट्या बघून झाल्या. पानफूलताईंनी स्वतः बसून बघितल्या, मलाही दाखवल्या.

झाडांखालच्या पट्टीवर मोठे, एकमेकांना चिकटलेले पिवळे पुंजके होते, ते त्याच झाडांचे. गवताचे कण अगदी तुरळक. मुलाच्या खिडकीबाहेरच्या पट्टीवर जिथे भिंग सरकवावं तिथे तो गोल, गुळगुळीत, एका भोकाचा कण. गुलाबी रंगात तो इतका सुंदर दिसतो की क्षणभर मी विसरले याच्यामुळे माझं पोर रात्रभर बसून असतं.

चार रात्री ती खिडकी बंद आहे, तो पुढच्या खोलीत झोपतो. सकाळच्या शिंका आहेत, पण आधीसारखा सपाटा नाही. चार दिवसांवर काही सिद्ध होत नाही हे मला कळतं. उद्या बैठक.

---

काचपट्टी | शनिवार, सकाळी ८:१५

बैठकीत एक सांगाच: तुरे आलेलं गवत भर उन्हात, वाऱ्यात कापायचं नाही. सगळा पराग एकदम उडेल. तुरे येण्याआधी कापणं सर्वांत बरं. आता उशीर झालाच आहे तर हवा दमट, वारा पडलेला असताना, आणि त्या दिवशी मुलाला दुसरीकडे ठेवून.

---

पहाटफेरी | शनिवार, रात्री ९:५०

झाडं राहिली. दोघे जण नाराज आहेत, त्यांना मी उद्या गच्चीवरून भूखंड दाखवणार आहे. भूखंडाच्या मालकांना पत्र गेलं, त्यांनी गवत काढायला हरकत घेतली नाही. पुढच्या वेळी पाऊस लागला की तुरे यायच्या आधीच पहिली कापणी, हेही त्यात लिहून घेतलं.

शेजारच्या एका काकांनी विचारलं, मागच्या वर्षी या तारखांना तर काही नव्हतं. कुणी सांगेल का?

---

ढगवाचक | रविवार, सकाळी ७:३०

तारखा सरकत आहेत. उत्तर अमेरिकेतल्या मोजण्या तपासल्या तेव्हा १९९० ते २०१८ या काळात परागाचा हंगाम सुमारे २० दिवस आधी सुरू व्हायला लागला आणि पराग सुमारे २१ टक्क्यांनी वाढला असं दिसलं. तापमानवाढ हे त्यातलं मोठं कारण. शिवाय शहराची मधली वस्ती आजूबाजूपेक्षा गरम, तिथे फुलोरा आणखी लवकर. म्हणून छापील परागदर्शिका मी आता बघत नाही. स्वतःची वही बरी: तारीख, कुठे काय फुललं, वारा कुठून, अ‍ॅप काय म्हणालं, नाक काय म्हणालं.

---

पानफूल | रविवार, सकाळी ८:१०

वही इथेच ठेवूया ना. प्रत्येकाने आपापल्या दोनशे पावलांतलं लिहायचं. माझ्या इथे रस्त्याकडेच्या तुतीला फुलोरा आलाय, नर झाड आहे. तुतीचा केसर पराग अक्षरशः फेकतो, वनस्पतींमधल्या सर्वांत वेगवान हालचालींपैकी ती एक. अशा तुतीजवळ घर असलेल्यांनी सकाळी खिडकी लावून घ्या.

---

पहाटफेरी | पुढचा बुधवार, सकाळी ६:५०

वही, पहिली नोंद. मागचा भूखंड काल संध्याकाळी कापला, हवा ओलसर होती. भिंतीलगत हातभर पट्टा राहिलाय, तिथे तुरे आहेत. वारा आज समोरून, भूखंडाकडे जाणारा. अ‍ॅप: 'जास्त'. मुलगा: उठल्यावर तीन शिंका, डोळे कोरडे. मागची खिडकी नऊपर्यंत बंद, पुढची उघडली आहे.